आमच्या गावाजवळ लढाऊ विमान पडलं होतं. रस्त्याकडेला वैमानिकाचं स्मारक उभारावं का, आणि परवानगी कोणाची लागते?

परवानगीचं आधी उरकते. रस्त्याच्या हद्दीत बांधू नका. सार्वजनिक रस्त्यांवर, पदपथांवर पुतळे नि बांधकामं होऊ देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली राज्यांना बजावलंय. कुणी शेताच्या कडेची जागा देत असेल तर पंचायतीत आणि कलेक्टर कचेरीत अर्ज टाका. पुढचे कागद तिथला बाबू सांगेलच.

उरलं "उभारावं का". यावरून आमच्या घरात जुनं भांडण आहे.

आम्ही ग्वाल्हेरचे, लश्करमधले. बाबा हवाई दलाच्या महाराजपूर तळावर एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करायचे. एकदा पुण्याहून मामा आले. सकाळी फुलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीपुढे चपला काढून, डोळे मिटून उभे राहिले. दुपारी भिंड रस्त्याला चहाला थांबलो, तर टपरीशेजारी तुम्ही म्हणताय तसाच एक चौथरा. चुना फासलेला, तेलरंगातलं नाव अर्धं उडालेलं, वर कावळ्यांची घाण, आणि टपरीवाल्याने दुधाचे क्रेट त्यालाच टेकवलेले. मामा म्हणाले, "लढाईत गेला असता तर गोष्ट वेगळी. सरावात विमान पाडलं, त्याचं कसलं स्मारक? उद्या ट्रकवाल्यांचेही चौथरे उठतील."

बाबा मेव्हण्यापुढे सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी आधी क्रेट उचलून बाकड्यावर आपटले. मग म्हणाले, "विमान ताब्यात घेताना पायलट फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, सही करतो. त्याच्या आधी आमच्या सह्या असतात. विमान पडलं की ते कागद लगेच सील होतात, आणि चौकशी होईपर्यंत सही करणाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही. सराव म्हणजे काय ते मला शिकवू नका."

मामा अजूनही फॅमिली ग्रुपवर तेच लिहितात, तर इथेच उत्तर देते. 1999 च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर लेझरने नेम धरणारे बॉम्ब टाकले ते मिराज लढाऊ विमानांनी, आणि मिराजचं घर ग्वाल्हेर. तो नेम काय सरावावाचून लागला? 28 जानेवारी 2023 ला इथूनच उडालेली एक सुखोई आणि एक मिराज एकाच सरावात कोसळली. सुखोईतले दोघं वाचले, मिराजमधले विंग कमांडर हनुमंतराव सारथी गेले. बेळगावचे होते. त्या दिवशी युद्ध नव्हतं म्हणून त्यांचं जाणं कमी दर्जाचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी राणीच्या समाधीपुढेही चपला काढायचं नाटक करू नये.

म्हणून उभारा. पण दगडावर नाव कोरण्याआधी वैमानिकाच्या घरच्यांची संमती घ्या. काहींना ती जागा नजरेसमोरही नको असते. विमानाचा पत्रा किंवा तुकडा गावात कुणी जपून ठेवला असेल तर तो चौथऱ्यात बसवू नका, हवाई दलाला परत करा. आणि देखभालीचा मुद्दा मामांनी काढला नाही, पण त्या चौथऱ्याची दशा पाहता तो खरा आहे. उद्घाटनाला सरपंच येतात, आमदार येतात, पुढच्या दिवाळीला चुना लावायला कुणी फिरकत नाही. वर्गणी काढण्याआधी ते काम कोणाकडे, हे नावानिशी ठरवा. शक्यतो शेजारच्या एखाद्या टपरीवाल्याकडेच द्या, रोज तिथे तोच असतो.