नव्या टाकीत मासे टिकवायचे तर

टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडू नका. विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाका. पाणी नितळ दिसलं तरी विषारी असू शकतं, म्हणून अमोनिया आणि त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट, दोन्ही मोजणारं टेस्ट किट घ्याच. दोन्ही आधी वाढून मग शून्य दिसू लागले की मासे आणा. हा धीर धरलात तर पुढचं सगळं सोपं आहे.

- नळाच्या पाण्यात आधी अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण).
- फिल्टर 24 तास चालू. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.
- 50 लिटरला सुरुवातीला 3-4 गप्पी पुरेत. गोल्डफिश नको.
- खाद्य 2 मिनिटांत संपेल एवढंच.

मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तर औषध ओतू नका. लगेच 30 टक्के पाणी बदला.