कोच बाहेरून ओरडतोय, पंचाने काय करायचं?

प्रश्न: सर, गेल्या वर्षीपासून मी आमच्याकडच्या कबड्डी स्पर्धांना पंच म्हणून उभा राहतोय. नियम पाठ आहेत, पण कोच बाहेरून "ओ पंच, बोनस दिसला नाही का" सुरू झाले की माझा हातच अडखळतो, त्यात कोच ओळखीचा निघाला तर विचारूच नका. गप्प बसू, समजावू की सरळ कार्ड काढू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: समजावत तर अजिबात बसू नकोस. रेड (चढाई) चालू असताना तू उत्तर द्यायला मान वळवलीस की मागचा पाय हवेत होता (तरच बोनस पॉइंट) का टेकला होता ते खरंच दिसत नाही, आणि मग ओरडणारा कोच बरोबर ठरतो! माझं झालंय असं, म्हणून सांगतोय.

कोचने नीट विचारलं तर खेळ थांबल्यावर एकच वाक्य, "मागचा पाय टेकलेला होता", बास. नुसता आरडाओरडा असेल तर कॅप्टनला बोलावून समज दे, मग हिरवं कार्ड, ते इशाऱ्यासाठीच असतं. पहिल्याच रागात लाल काढलंस तर पुढे हातात काय राहणार?

खरी भीती निकाल फिरवण्याची. २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्सची पुरुषांची फायनल आठव. भारत-इराण २८-२८, मॅच संपत आलेली, भारताचा रेडर पवन सेहरावत कोणाला न शिवता लॉबीत, म्हणजे शिवल्याशिवाय जिथे जाता येत नाही त्या कडेच्या पट्ट्यात गेला, मागोमाग इराणचे खेळाडूपण, आणि जुना नियम लावायचा की नवा यावर निकाल इकडून तिकडे फिरत राहिला, दोन्ही टीम मॅटवर बसल्या, तासभर मॅच बंद. भारत ३३-२९ ने जिंकला ते ठीक, पण एकदा निकाल हलला की समोरच्यालाही कळतं की बसलं की मिळतं. म्हणून शंका असेल तर आधी दुसऱ्या पंचाशी आणि सरपंचाशी, म्हणजे मुख्य पंचाशी बोल, हात नंतर वर कर. आणि चुकलास तर पुढचा पॉइंट देऊन भरपाई करू नकोस, त्याने दोन चुका होतात.

ओळखीचा कोच असेल तर आयोजकांना आधीच सांगून दुसरं मैदान माग. नाहीच मिळालं तर मॅच संपल्या संपल्या त्याच्यासोबत चहाला जाऊ नको रे बाबा, हरलेली टीम तिथेच बूट सोडत बसलेली असते.