पाहुण्यांना बडोद्याच्या वस्त्या कशा दाखवाव्यात?

प्रश्न : मी दांडिया बाजारात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. दिवाळीनंतर माझ्या भाचीच्या कार्यालयातील सहा जण पुण्याहून येत आहेत. राजवाड्यापेक्षा जुन्या शहरातील निरनिराळ्या समाजांच्या वस्त्या पायी फिरून पाहाव्यात आणि वाटाड्या म्हणून मी सोबत असावे, अशी त्यांची इच्छा आहे. मला मोबदला नको. अर्ध्या दिवसात काय दाखवावे आणि लोकांच्या दारावरून परक्यांना नेताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : मोबदला न घेण्याचा आपला विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून शहराचे रहिवासीच पाहुण्यांना आपापला मोहल्ला विनामूल्य हिंडवून आणतात, बक्षिसी घेत नाहीत आणि एका वेळी सहांहून अधिक माणसे सहसा सोबत नेत नाहीत. ही पद्धत पुढे जगातील अनेक शहरांनी उचलली. आपली मंडळी सहाच आहेत हे बरे झाले, कारण त्याहून मोठा घोळका पोळात, म्हणजे दाट घरांच्या जुन्या गल्लीत, शिरला की ओट्यावरची माणसे बोलायची थांबतात.

सगळे समाज एका फेरीत दाखवण्याचा हव्यास मात्र धरू नये. हे देऊळ यांचे, ती मशीद त्यांची, असे बोट दाखवत गेल्यास पाहुण्यांच्या लक्षात केवळ कप्पे राहतात आणि येथील माणसे एकमेकांच्या विद्येत आणि संसारात किती शिरलेली आहेत, हे निसटून जाते. म्हणून एकच धागा धरावा, आणि बडोद्यात तो संगीताचा असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायक मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये येथे गायनशाळा सुरू केली आणि उस्तादाच्या घरी बसून मिळणारी विद्या वर्गात शिकवता यावी यासाठी स्वरलेखनाची पद्धत तयार केली. त्या शाळेचा वारसा सूरसागर तलावाजवळ विद्यापीठाच्या संगीत विभागात आजही चालू आहे. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ १८८२ मध्ये बडोद्यातच जन्मले, १९१० मध्ये अमेरिकेस गेले आणि त्यांनी सूफी विचार पाश्चात्त्य देशांत पोहोचवला. दरबारी गायक अब्दुल करीम खाँ आणि मराठा सरदार घराण्यातील ताराबाई माने यांनी हे शहर सोडून संसार थाटला. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पुण्याच्या पाहुण्यांना ही हकिकत सूरसागराच्या काठावर उभे राहून सांगावी.

आरंभ आपल्या घराजवळच्या तांबेकर वाड्यापासून करावा. तो उघडा असल्याची चौकशी आधी करून ठेवावी. एका मराठी दिवाणाच्या या लाकडी वाड्याच्या भिंतींवर कृष्णलीला आणि महाभारतातील प्रसंग आहेत, आणि त्यांच्याच शेजारी युरोपीय पेहरावातील माणसेही रंगवलेली आहेत. तेथे घाई करू नये. दांडिया बाजारातील अरविंद घोषांचे निवासस्थानही वाटेतच आहे. १८९३ ते १९०६ या बडोद्याच्या वास्तव्यात ते मराठी आणि गुजराती दोन्ही शिकले. पुढे न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजा आणि मांडवी अशी वाट धरून, मौलाबक्षांचे कुटुंब जेथे राहत असे त्या याकुतपुऱ्याकडे वळावे. मध्ये सेव-उसळ खावी, म्हणजे वाटाण्याची उसळ, वर तिखट तर्री व शेव, आणि सोबत पाव.

काळजीचे म्हणाल, तर ज्या पोळात जायचे तेथील ओळखीच्या एका घरी आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगून यावे आणि शक्य असेल तेथे त्या घरच्या माणसांनाच बोलू द्यावे. याकुतपुऱ्याबद्दल आपण बोलण्यापेक्षा तेथील एखाद्या आजोबांनी बोललेले केव्हाही उत्तम. विचारल्याशिवाय माणसांची छायाचित्रे काढू नयेत आणि नमाजाच्या किंवा आरतीच्या वेळी प्रार्थनास्थळाच्या दारात गर्दी करू नये, हे निघण्यापूर्वीच मंडळींना सांगावे.

एक ठिकाण चालण्याच्या वाटेवर नाही, तरी ते वगळू नये अशी आमची कळकळीची विनंती आहे. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास येथे आले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. नाव बदलून ते पारशी धर्मशाळेत राहिले आणि काही दिवसांनी काठ्या घेतलेल्या पारशी जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्रानेही त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले नाही, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. ते त्या दिवशी ज्या कमाटी बागेत बसून राहिले, ती आजची सयाजीबाग. तेथील स्थळ संकल्पभूमी म्हणून ओळखले जाते. ज्या शहराने मौलाबक्षांना शाळा दिली, त्याच शहरात एकाही समाजाचे दार बाबासाहेबांसाठी उघडले नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी, एकाच माणसाच्या तोंडून पाहुण्यांनी ऐकाव्यात. मांडवीहून रिक्षाने बागेत जाता येते, त्यामुळे वेळेची अडचण पडू नये. फत्तेगंजची छावणी आणि तेथील चर्च मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे.