व्हेझलेला एक रात्र राहा

चि.,
अनेक आशीर्वाद.

पॅरिसहून सकाळी निघायचं, व्हेझले दोन तासांत उरकायचं आणि रात्री परत, हा तुझा बेत वाचला. मोडून टाक. एक रात्र राहा. गावाची वस्ती पाचशेच्याही आत. सहलीच्या बस निघून गेल्या की टेकडीवर घंटेचा आवाज आणि मांजरं एवढंच उरतं.

सेर्मिझेलच्या स्टेशनापासून गाव दहाएक किलोमीटर. निदान शेवटचा चढ पायी चढ. टोकाला ख्रिस्ताची शिष्या मेरी मॅग्डालीन हिची बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, आहे. मेरीच्या अस्थी इथे आहेत या श्रद्धेवर गाव गबर झालं. 1146 मध्ये संत बर्नार्डने दुसऱ्या धर्मयुद्धाची (क्रुसेडची) हाक दिली तीही इथेच. पुढे 1279 मध्ये तिकडे प्रोव्हान्समध्ये ‘खऱ्या’ अस्थी सापडल्याचं जाहीर झालं आणि यात्रेकरूंनी वाट बदलली. देव हलला की बाजार हलतो, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

पण तू जुन्या वास्तू सावरायच्या धंद्यात पडते आहेस, म्हणून तू बघायचं ते निराळं. 1834 मध्ये प्रॉस्पेर मेरिमे सरकारी पाहणीला आला तेव्हा इमारत कोसळायच्या बेतात होती. 1840 मध्ये काम मिळालं वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युकला. वय 26! त्याने भिंतींना बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी नव्याने बांधल्या, छत सावरलं. तो नसता तर आज दगडांचा ढीग बघायला गेली असतीस. इथवर मी त्याच्या बाजूने.

आता दर्शनी दारावरचं शिल्प बघ. ते 1856 चं, नवं घडवलेलं. नीटनेटकं आहे. पाच मिनिटं पुरेत. मग आत देवडीत शीर आणि आतल्या दारासमोर तासभर उभी राहा. हे बाराव्या शतकातलं. मधोमध ख्रिस्त, त्याच्या बोटांतून निघालेले किरण शिष्यांच्या डोक्यांवर; आणि भोवती जगभरची माणसं: सुपाएवढ्या कानांची, शिडी लावून घोड्यावर चढणारे बुटके, कुत्र्याच्या तोंडाची. ही श्वानमुखी मंडळी जुन्या ग्रीक गोष्टींत हिंदुस्थानात राहतात. म्हणजे आपणच की!

आत खांबांवरची काही शीर्षंही व्हिओले-ल-द्युकने बदलली. मूळची झिजली होती, मान्य. पण किती झिजल्यावर दगड उतरवायचा, हे त्याने ठरवलं तसं उद्या तुला ठरवावं लागेल, तेही कंत्राटदार घड्याळाकडे बघत असताना. उतरवलेली मूळ शीर्षं तिथल्याच संग्रहालयात ठेवली आहेत, हे मला त्याच्या सगळ्या कामात मोठं वाटतं. आपल्याकडे ती भरावात गेली असती.

त्यातल्या एका शीर्षाची आधी नक्कल बघ, मग मूळ. फोटो नको, पेन्सिलीने काढ. दोन्ही रेखाटनं मला पाठव, पण कोणतं कुठलं ते कागदाच्या मागच्या बाजूला लिही. मला ओळखता येतं का बघू.

तुझे,
काका