आवाज तिचा, वही तुमची

भांडुपहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मी 51 वर्षांचा, एका खासगी कंपनीत स्टोअर्सला 26 वर्षं आहे. मुलगी 20 वर्षांची, टीवायबीकॉमला, दोन विषय राहिलेत, म्हणजे केटी आहे. माझी आई लालबागला खाणावळ चालवायची आणि रात्री आम्हाला मालवणी गजाली सांगायची. त्याच गोष्टी मुलगी दीड वर्षापासून आपल्या आवाजात रेकॉर्ड करते. इन्स्टाग्रामवर 38 हजार फॉलोअर्स आहेत. 212 कुटुंबं महिन्याला 99 रुपये देऊन पूर्ण गोष्टी ऐकतात. पैसे माझ्या खात्यात येतात, हिशोब मी वहीत ठेवतो. आठवड्याला दोन गोष्टी होतात, मी म्हणतो रोज एक कर. 1000 खरे चाहते मिळाले की आयुष्याची सोय होते, असं ऐकलं आहे. नोकरी सोडून पूर्ण वेळ तिचं काम बघावं म्हणतो. पण ती हल्ली चिडते, बोलत नाही. गेल्या आठवड्यात घसा बसला होता, तरी ज्येष्ठमध देऊन मी गोष्ट पूर्ण करून घेतली. तिची आई म्हणते बँकेची परीक्षा दे. तिला समजावून सांगावं."

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ज्येष्ठमधापाशी अडखळले. केटीचं मला फारसं काही वाटलं नाही. केटी सुटते. बी.कॉम. झाल्यावर बँकेची आयबीपीएस, एमपीएससी, एमबीएची सीईटी हे सगळे रस्ते उघडे राहतात, दोन वर्षांनी वळलं तरी चालतं, एवढं तिच्या आईला सांगा. पण घसा बसलेल्या मुलीकडून रेकॉर्डिंग करून घेणं मला अजिबात पटलेलं नाही. बसलेल्या घशाला विश्रांती लागते. त्याच अवस्थेत जोर लावून बोललं तर स्वरतंतूंवर आणखी ताण येतो, आणि आवाजाचा घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावंच लागतं. तिचं सगळं भांडवल त्या गळ्यात आहे. त्या रात्री ती गोष्ट आली नसती तर काय झालं असतं? 212 घरांतल्या मुलांना "ताईचा घसा बसलाय, गोष्ट पुढच्या आठवड्यात" असा निरोप गेला असता. त्यातल्या निम्म्या आयांनी हळद-दूध घ्यायला सांगितलं असतं. मला तर वाटतं, त्या निरोपाने एकही घर तुटलं नसतं.

तुम्ही लिहिलंय की ती रात्री साडेअकरानंतर, शेजारचा टीव्ही बंद झाला की, स्वयंपाकघराचं दार लावून बसते. फ्रीजची घरघर येते म्हणून फ्रीज बंद करते, डोक्यावरून आजीची गोधडी घेते आणि मोबाइल पातेल्याला टेकवून बोलते. एकदा फ्रीज चालू करायला विसरली आणि दूध नासलं, म्हणून आई रागावली. हे वाचताना मला ती मुलगी समोर दिसली. आणि दाराबाहेर वही घेऊन बसलेले तुम्हीही दिसलात. तुम्ही वाईट बाप नाही. उलट, बहुतेक पालक मला "हे खूळ सोडवा" असं लिहितात, तुम्ही तिच्या कामाला काम मानलंत. पण मानल्यावर ते तिच्या हातात ठेवायला हवं होतं, ते तुम्ही ठेवलं नाहीत.

आता त्या 1000 चाहत्यांबद्दल, कारण या एका आकड्याने बऱ्याच घरांची झोप उडवली आहे. केविन केली या अमेरिकी लेखकाने 2008 मध्ये ही कल्पना मांडली. त्याचं गणित असं होतं की 1000 पक्के चाहते असावेत, प्रत्येकाकडून वर्षाला 100 डॉलर सुटावेत, म्हणजे वर्षाचे एक लाख डॉलर होतात. रीलमध्ये हा 1000 चा आकडा तेवढा येतो, 100 डॉलर मागे राहतात. तुमच्याकडे एक घर वर्षाला 1,188 रुपये देतं. अशी 1000 घरं झाली तरी वर्षाचे 11 लाख 88 हजार होतील, आणि त्यातून प्लॅटफॉर्मचा वाटा जाईल. यूट्यूबच्या मेंबरशिपमध्ये तो 30 टक्के असतो. रक्कम वाईट नाही, पण केलीच्या गणिताच्या जवळपासही नाही. शिवाय पक्का चाहता म्हणजे त्याच्या लेखी तुमचं गाणं ऐकायला 200 मैल गाडी चालवत येणारा माणूस. 200 मैल म्हणजे मुंबईहून जवळजवळ रत्नागिरी. रात्री बिछान्यात अंगठ्याने रील वर सरकवणारा फॉलोअर तो नव्हे. तुमचेच आकडे घ्या. 38 हजारांत 212, म्हणजे साधारण 180 जणांमागे एक. तुम्ही वहीत "यातल्या निम्म्यांनी दिले तर" असं लिहून महिन्याचे 18 लाख 81 हजार काढले आहेत. तो कागद फाडून टाका. निम्मे कधीच देत नाहीत. आणि जे 212 देतात, ते मोजून गोष्ट विकत घेत नाहीत. मुंबईत आपण गणपतीच्या मंडळाला वर्गणी देतो तशी ती आहे. मंडळ आपलं वाटतं म्हणून देतो, मग अहवालात आपलं नाव शोधतो, हिशोबही विचारतो. वर्गणी देणाऱ्याला दर आठवड्याला "आणखी पाच जण जोडा" म्हटलं की तो दार लावून घेतो.

पत्रातलं खाणावळीचं वाक्य तुम्ही ओघात लिहिलंत, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. गिरणगावातली खाणावळ म्हणजे ठरलेली माणसं, महिन्याचे पैसे आणि दोन्ही वेळचं जेवण. तुमच्या आईकडे 14 जण जेवायचे म्हणता. त्यांच्या गिरणीतल्या पाळ्या सांभाळायच्या, पगार होईपर्यंत वाण्याकडे उधारी, अंगात ताप असला तरी चूल पेटलीच पाहिजे. पंधरावा माणूस घेतला की भाकऱ्या वाढतात, हात दोनच राहतात. तुमची मुलगी आज हेच करते आहे. फरक इतकाच की तिला एक सवलत आहे जी आजीला नव्हती. गोष्ट एकदा रेकॉर्ड झाली की ती 212 घरं ऐकोत की 500, तिला पुन्हा चूल पेटवावी लागत नाही. ही सवलत तुम्ही "रोज एक" म्हणून काढून घेताय. आजीच्या गोष्टी किती आहेत, हे कधी मोजलंत का? रोज एक काढली तर वर्षभरात संपतील, आणि मग ती कुठून तरी ओढूनताणून आणलेलं सांगायला लागेल. ज्या आया महिना 99 रुपये देतात, त्यांच्या ते पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येईल.

खाणावळीची दुसरी बाजूही तुम्ही पाहिली आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तुम्ही तिसरीत होता, असं लिहिलंय. आईचा स्वयंपाक बिघडला नव्हता, जेवणारे दुरावले नव्हते, पण अडीच लाख कामगारांचा पगारच थांबला. ऑनलाइन कामातही असं होतं. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली आणि लाखो लाइक असलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी आपल्या चाहत्यांना निरोप पाठवायचीही सोय उरली नाही, कारण कोणाचा नंबर नाही, ईमेल नाही. म्हणून तुमच्या वहीत आज एक पान चांगल्या कामाचं करा: त्या 212 घरांचे फोन नंबर आणि ईमेल, त्यांना विचारून, मुलीच्या ताब्यात. इन्स्टाग्राम उद्या बंद पडलं तरी ती त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे.

आणि 212 हा आकडा स्थिर राहील हे डोक्यातून काढा. कार्डातून दर महिन्याला आपोआप पैसे कापण्यावर रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2021 पासून नियम कडक केले. पैसे जाण्याच्या 24 तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. यूपीआय ऑटोपेमध्येही आधी मेसेज येतो. तो मेसेज पाहून काही जण थांबतात, काहींच्या खात्यात त्या दिवशी पैसे नसतात. काहींची मुलं मोठी होतात आणि गोष्टी ऐकायची थांबतात. दर महिन्याला थोडी गळती होणारच. महिन्याच्या 20,988 रुपयांवर तुम्ही तुमच्या पगाराचं ओझं टाकणार असाल, तर सुटलेलं प्रत्येक घर त्या मुलीला आपल्यामुळे गेलं असं वाटेल. ती चिडते कशामुळे, याचं मला वाटणारं कारण हेच. विशीतल्या मुलीवर बापाच्या नोकरीची जबाबदारी टाकू नका. राजीनामा देऊ नका. लिहून ठेवला असेल तर या आठवड्यात फाडा.

खात्याचंही बोलायला हवं. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते तुमच्या आईसारख्याच खाणावळवाल्या बायकांसाठी. सावकाराच्या तावडीतून सुटून त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, आणि ते त्यांच्या स्वतःच्या नावावर. राबणाऱ्या बाईच्या हातात तिचा पैसा हवा, हे गिरणगावाने 50 वर्षांपूर्वी समजून घेतलं. तुमची मुलगी सज्ञान आहे, कॉमर्स शिकते, आणि तिची कमाई वडिलांच्या खात्यात जाते. हे मला खटकतं आणि तसं स्पष्ट लिहिते. तिचं खातं, तिचं पॅन, तिचं आयकर विवरणपत्र. वर्षाला अडीच लाखांच्या आसपासची ही रक्कम आहे, जीएसटी नोंदणीची 20 लाखांची मर्यादा खूप दूर आहे, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. हिशोब तिला ठेवू द्या. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला स्वतःच्या धंद्याचा ताळेबंद मांडता येणं हा केटी सोडवण्याचाही चांगला मार्ग आहे. (कोणते दोन विषय ते लिहिलं नाहीत. अकाउंट्स असेल तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही, कारण घरातला सगळा हिशोब तुम्ही करता.)

तिने हे काम पुढे पोटासाठी करावं का? करू शकते. अमेरिकेत जॅक कॉन्टी या संगीतकाराने 2013 मध्ये सॅम यॅमबरोबर पेट्रिऑन हे संकेतस्थळ सुरू केलं, ते याच अडचणीतून. व्हिडिओवर खूप खर्च करायचा आणि जाहिरातीतून हाती किरकोळ पैसे यायचे. चाहत्यांनी थेट द्यावं ही सोय तेव्हापासून जगभर रुळली. आपल्याकडे मालवणीतल्या बालगोष्टींसाठी 212 घरं महिन्याचे पैसे देतात, ही मी माझ्या कामात पाहिलेल्या चांगल्या सुरुवातींपैकी एक आहे. पण पदवी होईपर्यंत आठवड्याला दोनच. परीक्षेच्या महिन्यात सुट्टी, आणि ती सुट्टी आधी जाहीर करायची. पदवीनंतर एखादी अर्धवेळ नोकरी धरून वर्षभर बघायचं. हे सगळं मी तिला सुचवते आहे, तुम्हाला नाही. ठरवणार ती.

"तिला समजावून सांगावं" असं तुम्ही लिहिलंय. समजावण्यासारखं मला तिच्यात काही दिसलं नाही. ती काय म्हणते, तिला यातलं काय आवडतं, कशाचा कंटाळा आलाय, आजीची कोणती गोष्ट तिला सांगायचीच नाहीये, यातलं एक अक्षरही या पत्रात नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. आणि पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.