हजेरीपट काढ आधी

अगं, तुझ्या रिव्ह्यूतला फनेल प्लॉट बघितला, प्रत्येक स्टडीचा इफेक्ट आणि तिचा नेमकेपणा ठिपक्यांनी दाखवणारा आलेख. सात स्टडीज, प्लॉट एका बाजूला कललाय का ते तपासणाऱ्या एगर टेस्टचा पी ०.३१, आणि खाली लिहिलंयस 'पब्लिकेशन बायस आढळला नाही', म्हणजे नकोसे निकाल न छापता राहिल्याची खूण नाही. सर म्हणतात ट्रिम अँड फिल पण टाक, रिव्ह्यूअर गप्प बसतात, आणि तू मला विचारतेस की दोन्हीतलं कुठलं ठेवू. कुठलंच नको.

सात ठिपक्यांवरून एगर काय सांगणार? दहापेक्षा कमी स्टडीज असतील तर या टेस्टच्या नादी लागू नका असं कॉक्रेनवाले (वैद्यकीय रिव्ह्यू कसे करावेत ते सांगणारी संस्था) कधीपासून सांगतायत, एवढ्याशा डेटात बायस असला तरी पी मोठाच येऊ शकतो. म्हणजे तुला बायस सापडला नाही एवढंच, तो नाही असं नव्हे. ते वाक्य खोड. आणि उलटंही आहे, प्लॉट कललेला दिसला म्हणून लगेच कुणी ट्रायल दडवली असं होत नाही, छोट्या ट्रायल्समधले पेशंट वेगळे असतात, डिझाइन ढिसाळ असतं, त्यानेही कलतो. ऑड्स रेशो (दोन गटांतल्या घटनांच्या शक्यतांचं गुणोत्तर) असेल तर इफेक्ट आणि त्याची स्टँडर्ड एरर, म्हणजे त्यातली अनिश्चितता, मुळातच एकमेकांत अडकलेले, मग एगर उगाच बोंब मारतो (हार्बर्ड आणि पीटर्सच्या टेस्ट त्यासाठीच आल्या, वाच). ट्रिम अँड फिल तर न बघितलेल्या स्टडीज मनानेच काढून प्लॉटवर बसवतं. त्यावर मी बोलायला लागले की थांबत नाही, सोडू.

वर्गात बसलेल्या पोरांची तोंडं बघून गैरहजर कोण ते कळत नाही, हजेरीपट काढावा लागतो. आपला हजेरीपट म्हणजे सुरू झालेल्या सगळ्या ट्रायल्सची नोंद, छापलेल्या असोत वा नसोत. एवढंच सांगायचंय मला, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

२००८ चा टर्नर आणि सहकाऱ्यांचा अँटीडिप्रेसंट्सवरचा, म्हणजे नैराश्यावरच्या औषधांवरचा पेपर घे. एफडीएकडे, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे नोंदलेल्या ७४ ट्रायल्स. एफडीएच्या मते ३८ पॉझिटिव्ह, त्यातल्या ३७ छापल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ छापल्या पण पॉझिटिव्ह वाटतील अशा रंगवून, आणि फक्त ३ आहे तशा. जर्नल वाचणाऱ्याला ९४ टक्के ट्रायल्स यशस्वी, एफडीएच्या कागदांत ५१. हे काय फनेल बघून कळलं? हजेरीपट हातात होता म्हणून कळलं. आणि त्या रंगवलेल्या ११ तर तुझ्या प्लॉटवर ऐटीत बसलेल्या असतात, गैरहजरसुद्धा नाहीत, त्यांना कुठली टेस्ट पकडणार?

लॉरकेनाइड या हृदयाचे ठोके नियमित करायच्या औषधाची ट्रायल १९८० ची, छापली १९९३ ला. औषध घेणाऱ्यांत ९ मृत्यू, प्लासिबोत १. मधली सगळी वर्षं तो आकडा फाइलीत पडून.

सर काय म्हणतील मला माहितीये, मी आयुष्यभर तेच ऐकलंय, ही बाई एकेका रिव्ह्यूला युगं लावते. माझ्या नावावर पेपर कमीच आहेत. न छापलेल्या ट्रायल्सच्या लेखकांना मेल करत बसले तेवढ्यात दुसऱ्या टीमने तोच विषय छापला आणि एका जवळच्या सहकाऱ्याने चिडून नाव काढून घेतलं, ते नातं गेलं ते गेलंच, अजून लागतं मनाला. पण पुन्हा वेळ आली तरी मी मेलच करत बसेन. स्वतःचंच समर्थन करतेय म्हणशील, तर म्हण.

आता कामाला लाग. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह आणि डब्ल्यूएचओचं आयसीटीआरपी, ट्रायल्सच्या नोंदींच्या या दोन्ही वेबसाइट्स चाळ, औषधाच्या जुन्या कोड-नावानेही शोध. संपायची तारीख उलटून गेली आणि रिझल्ट कुठेच नाही अशी प्रत्येक नोंद वेगळी काढ, पेशंट किती होते तेही लिही. छापलेल्यांच्या नोंदींची जुनी आवृत्ती उघड, प्रायमरी आउटकम, म्हणजे आधीच ठरवलेला मुख्य निकष, मध्येच बदललाय का बघ. २००५ च्या आधीच्या बऱ्याच ट्रायल्सची नोंदच नसते, तिथे एफडीएचे रिव्ह्यू वाच, भयंकर कंटाळवाणे असतात, तरी वाच. त्यानंतर ठिपके दहाच्या वर गेले तर खुशाल टेस्ट लाव, माझं काही वैर नाही.

आणि लेखकांना मेल करताना 'कृपया डेटा द्यावा' असलं मोघम नको. रिकामं टेबल जोड, दोन्ही गटांत किती पेशंट, किती घटना, बस. नुसते आकडे भरायचे असले की थोडे जास्त लोक उत्तर देतात असा माझा अनुभव आहे. मला सीसीत ठेव.