बचत गटावरच्या प्रबंधात स्वतंत्र चल कोणता आणि परतंत्र कोणता?

तुमचा विषय ‘नागपुरातील महिला बचत गट आणि कुटुंबातील निर्णयप्रक्रिया’, आणि यात स्वतंत्र चल कोणता, परतंत्र कोणता हा प्रश्न. चल म्हणजे माणसागणिक बदलणारी, मोजता येणारी गोष्ट; जिचा परिणाम पाहायचा तो स्वतंत्र चल, जिच्यावर परिणाम पाहायचा तो परतंत्र. सरळ उत्तर असं: गटातला सहभाग स्वतंत्र, घरातल्या निर्णयांत बाईचा वाटा परतंत्र. काही पुस्तकांत यांनाच स्वाश्रयी आणि आश्रयी चल म्हटलेलं सापडेल. पण एवढ्यावर सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, दिलात तर तोंडी परीक्षेत अडकाल. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करताना उत्तर नागपूरच्या वस्त्यांत मी याच विषयावर काम केलं आणि पुढचं सगळं मला फार उशिरा कळलं, म्हणून सविस्तर लिहिते.

कोणताही चल जन्मतः स्वतंत्र नसतो, तुमचा प्रश्न त्याला ती जागा देतो. उद्या ‘कोणत्या बायका गटात येतात?’ असं विचारलंत, तर तोच सहभाग परतंत्र होतो आणि शिक्षण, नवऱ्याचं काम, घरातली माणसं हे स्वतंत्र. तुमच्या शीर्षकातल्या ‘आणि’मुळे कशाचा कशावर परिणाम हे कळतच नाही. आधी ते ठरवा.

तरीही एक शंका उरतेच. जिचं घरात आधीपासून चालतं, तीच गटात पहिली नाव देते. जिला किराणा आणायलाही विचारून जावं लागतं, ती बैठकीला येणार कशी? म्हणजे गटामुळे वाटा वाढला की वाटा होता म्हणून ती गटात आली? एकदाच मुलाखत घेऊन याचा निकाल लागत नाही. म्हणून निष्कर्षात ‘परिणाम’ लिहू नका, ‘संबंध’ लिहा.

माझी खरी चूक वयाची होती. गटात बरीच वर्षं असलेल्या बायकांचा घरात शब्द चालतो, हे पाहून मी खूश झाले. पण त्यातल्या बहुतेक जणी सासू झालेल्या होत्या! पन्नाशीतल्या बाईचा शब्द गट नसतानाही चालतो, नव्या सुनेचा गट असूनही चालेलच असं नाही. वय दोन्हीकडे हात घालून बसलं होतं: वयाबरोबर गटातली वर्षंही वाढतात आणि घरातला शब्दही. तुलना करायची तर एकाच वयोगटातल्या, गटातल्या आणि गटाबाहेरच्या बायकांची करा.

सहभागही नुसता ‘हो की नाही’ असा मोजू नका. नाबार्डने (शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने) बचत गट बँकांशी जोडायला १९९२ मध्ये सुरुवात केली, त्यामुळे कुणी दोन वर्षांची सभासद भेटेल, कुणी वीस वर्षांची. कुणी फक्त हप्ता पाठवते, कुणी सचिव म्हणून स्वतः बँकेत जाते. हे वेगवेगळं नोंदवा.

सगळ्यात अवघड आहे परतंत्र चल मोजणं. ‘घरात निर्णय कोण घेतं?’ विचारलं की सगळ्या म्हणतात, दोघं मिळून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रीला तीन ठोस गोष्टी विचारतात: स्वतःच्या उपचारांचा निर्णय, घरातली मोठी खरेदी आणि माहेरी-नातेवाइकांकडे जाणं. तिथून सुरुवात करा, पण त्याच्याही खाली उतरा. एक काकू मला म्हणाल्या होत्या, “माहेरी मी सांगून जातो बाई, विचारून नाही जात.” माझ्या प्रश्नावलीत ‘सांगून’ आणि ‘विचारून’ यांच्यासाठी वेगळे रकानेच नव्हते. सांगून जाणारी आणि विचारून जाणारी, दोघींचं उत्तर एकाच खान्यात गेलं असतं. तुम्ही ‘मागच्या वेळी माहेरी गेलात तेव्हा काय झालं?’ असं विचारा.

छापायला देण्याआधी प्रश्नावली आठ-दहा बायकांवर तपासून घ्या, आणि त्यासाठी बैठकीच्या दिवशी जाऊ नका. गटाच्या अध्यक्षबाई शेजारी बसल्या असताना घरातलं कुणी बोलत नाही. दुपारी स्वयंपाक आटोपल्यावर, एकेकीच्या घरी जा.